वडोदऱ्यात बनवलेलं हॉवरक्राफ्टचं, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत चालणाऱ्या वाहनाचं, मॉडेल ध्रुवीय बर्फासाठी तपासायचं कसं? इथं तर तशी थंडीच पडत नाही!

इंजिन बाजूला ठेवा, आधी स्कर्ट बघा. खालची हवा धरून ठेवणारा हा घेर थंडीत कडक होतो आणि घडीवर तडकतो. आम्ही कॉलेजात असताना रेक्झिनचा वापरला होता. दांडिया बाजारातल्या ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांत, तुकडा रात्रभर ठेवला. सकाळी दुमडला तर पापडासारखा कट्कन मोडला! ध्रुवावर तर याहून कितीतरी जास्त थंडी. निओप्रीन या कृत्रिम रबरापेक्षा नैसर्गिक रबर जास्त थंडीतही लवचीक राहतं, त्याचा तुकडा ठेवून बघा.

दुसरी गोष्ट ब्रेकची आणि सुकाणूची. हॉवरक्राफ्ट म्हणजे पावडर टाकलेल्या कॅरमवरचा स्ट्रायकर, वाऱ्याने आडवं सरकत जातं. गुळगुळीत फरशीवर चालवून बाजूने पेडेस्टल फॅन लावा, सुकाणू किती कामाचं ते लगेच कळेल.

बर्फाचे उंचवटे स्कर्टच्या उंचीपेक्षा फार मोठे असले, तर मात्र वळसाच घ्यावा लागतो. नॉर्वेच्या संशोधकांनी २००८ पासून ‘सबवाबा’ नावाचं हॉवरक्राफ्ट आर्क्टिकच्या समुद्री बर्फावर वापरलंय, त्याचे फोटो जरूर बघा. आणि हो, हॉवरक्राफ्टच्या पंख्याच्या पात्यांवर बर्फ धरला की तोल जाऊन सगळं थरथरतं. ते मात्र फ्रीझरमध्ये कळणार नाही.