वाचकांचे प्रश्न : भांड्याचा आकार आणि निसटणारे न्यूट्रॉन

प्रश्न : अणुइंधनाच्या कारखान्यात थोडे थोडे ठेवलेले द्रावण निर्धोक असते, मात्र तेच एका भांड्यात ओतले की अपघात होतो, असे वाचनात आले. हे कसे घडते? सारे संगणकावर आधी तपासता येत असेल, तर खरे प्रयोग कशासाठी? आमच्या इंदूरच्या ‘कॅट’ या संशोधन केंद्रात असे होऊ शकेल का?
— एक निवृत्त शिक्षक, इंदूर

उत्तर : कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कारण त्याचा पृष्ठभाग वाढतो. युरेनियमच्या द्रावणातील न्यूट्रॉनांचेही काहीसे असेच आहे. न्यूट्रॉन आदळून युरेनियमचे अणुकेंद्र फुटते, त्याला भंजन म्हणतात, आणि त्यातून नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. उंच, अरुंद भांड्यात द्रावणाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो, म्हणून पुष्कळसे न्यूट्रॉन नवे भंजन घडवण्याआधीच निसटतात. बशीसारख्या उथळ नव्हे, तर रुंद आणि खोल भांड्यात हा पृष्ठभाग त्या मानाने कमी असतो, त्यामुळे ते आतच अडकतात आणि एका भंजनामागे सरासरी एक नवे भंजन होऊ लागले, की साखळी प्रक्रिया आपोआप चालू राहते. हीच क्रांतिक अवस्था. पाणी न्यूट्रॉनांचा वेग मंदावून भंजनाची शक्यता वाढवते आणि भांड्याभोवती असल्यास निसटू पाहणाऱ्यांना परत आत धाडते.

जपानमधील तोकाईमुरा येथे ३० सप्टेंबर १९९९ रोजी कामगारांनी समृद्ध (म्हणजे सहज भंजन होणाऱ्या प्रकाराचे प्रमाण वाढवलेल्या) युरेनियमचे द्रावण अरुंद स्तंभाऐवजी बादल्यांनी रुंद टाकीत ओतले. मर्यादा २.४ किलोची असताना टाकीत सुमारे १६ किलो युरेनियम जमले. टाकीभोवतीचे थंड करणारे पाणी काढून टाकल्यावर, म्हणजे सुमारे २० तासांनी, प्रक्रिया थांबली. तिघा कामगारांपैकी दोघे पुढे दगावले. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या २००० सालच्या आढाव्यात कारखान्यांतील अशा २२ अपघातांची नोंद आहे, आणि त्यांपैकी २१ द्रावणांत किंवा गाळात झालेले आहेत.

आता संगणकाविषयी. मॉन्टे कार्लो पद्धतीत लक्षावधी न्यूट्रॉनांचा जन्मापासून शेवटापर्यंतचा प्रवास यादृच्छिक संख्यांच्या आधारे काढतात आणि त्यावरून गुणनांक, म्हणजे एका भंजनामागे सरासरी किती नवी भंजने होतात तो आकडा, ठरवतात. तो १ झाला की क्रांतिक अवस्था आली. म्हणून आराखड्यात तो साधारणतः ०.९५ च्या खाली ठेवण्याचा प्रघात आहे. परंतु गणिताला लागणारी अणुकेंद्रांची माहिती मोजमापांतूनच येते आणि तिच्यात त्रुटी असतात. त्यामुळे प्रत्यक्ष केलेल्या, बारकाईने तपासलेल्या प्रयोगांशी ताळा जुळवून संगणकाचे उत्तर किती चुकते हे आधी पाहावे लागते. अशा प्रयोगांचा आंतरराष्ट्रीय संग्रह करण्याचे काम १९९२ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. ज्या मिश्रणाच्या जवळपासचा एकही प्रयोग संग्रहात नाही, त्याविषयी मिळालेल्या आकड्यावर मी तरी जपूनच विसंबेन. शिवाय, बादलीने ओतण्याची शक्यता कुणी मनात आणली नाही, तर ती गणितातही येत नाही. म्हणूनच एकाच वेळी दोन स्वतंत्र चुका झाल्याशिवाय अपघात होऊ नये, अशी रचना करतात.

‘कॅट’, म्हणजे आजचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, येथील इंडस-२ या प्रवेगक यंत्रात इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत प्रवेगित करतात. तेथे किरणोत्सर्गापासून संरक्षण लागतेच, पण इलेक्ट्रॉनांची साखळी प्रक्रिया होत नाही. वीज तोडली की इलेक्ट्रॉनांची शलाका (झोत) संपते.