पार्कात बाग शोधू नका

'ब्लेचली पार्कात' लिहायचं की 'ब्लेचली पार्कमध्ये', असं एका वाचकाने विचारलंय. सांगतो, पण आधी एक राग काढून घेतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या एनिग्मा या सांकेतिक यंत्राचे गुप्त संदेश इंग्लंडात जिथे फोडले, त्या जागेला काही मंडळी मराठीत 'ब्लेचली उद्यान' म्हणतात. वाचणाऱ्याला वाटावं, तिथला संकेतभेदी गणितज्ञ ॲलन ट्युरिंग बाकावर बसून भेळ खात गणितं सोडवत होता!

पार्क म्हणजे मुळात बाग नव्हेच. कुंपण घातलेली जागा. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'पारिकस', जुन्या फ्रेंचमध्ये 'पार्क'. जर्मनमधला 'फेर्ख', म्हणजे मेंढरं कोंडायची जागा, त्याच घरातला. राजाच्या परवानगीने हरणं कोंडायची आणि सवडीने मारायची, ते इंग्लंडातलं पार्क. 'परिक्रमे'वरून पार्क आला असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ही हरणं आधी मोजावीत. उद्यान तर नेमकं उलटं: उद् + यान, बाहेर पडणं. एक शब्द आत कोंडतो, दुसरा बाहेर काढतो, आणि आपण त्यांची जोडी लावून मोकळे.

माझं म्हणणं, इथे 'वाडा' म्हणा. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, आवार, त्यावरून वाडा. आधी गुरांचा, मग सरदारांचा. पार्क हा शब्दही असाच जनावरांकडून जमीनदारांकडे गेला. 'वाड्याला चौक हवा' म्हणणाऱ्या कोशपंडितांनी धनगराच्या वाड्यात चौक दाखवावा.

ब्लेचलीचंच बघा. १८८३ साली हर्बर्ट लिऑन या धनाढ्य शेअरदलालाने ती जागा घेतली आणि घर वाढवत नेलं: गॉथिक, ट्यूडर, डच, सगळ्याची मिसळ. १९३८ मध्ये ते पाडून तिथे घरं बांधायचा एका बिल्डरचा बेत होता. गुप्तहेर खात्याचे प्रमुख ॲडमिरल सिंक्लेअर यांनी ६,००० पौंडांत घर आणि ५८ एकर जमीन उचलली. पहिली तुकडी पाहणीला आली ती कुठलं नाव घेऊन? 'कॅप्टन रिडलींची शिकारमंडळी'! पार्कमध्ये शिकारीच हव्यात, नाही का? मग तबेल्याजवळच्या छोट्या घरात संकेत फोडणारा डिली नॉक्स बसला, आवारात लाकडी 'हट', म्हणजे खोपटी, उभे राहिले, आणि १९४५ पर्यंत, उपकेंद्रं धरून, सुमारे ९,००० माणसं कामाला होती. त्यांत बहुसंख्य बायका. युद्धानंतर तिथे टपाल खात्याचं प्रशिक्षण चाललं, शिक्षक घडले, १९९१ च्या सुमारास पुन्हा पाडापाडीच्या गोष्टी निघाल्या. १९९२ मध्ये ट्रस्ट झाला म्हणून आज संग्रहालय आहे.

जाता जाता, छावणीत तोफा आणि गाडे लावायच्या जागेलाही पार्क म्हणत. गाडी 'पार्क' करणं तिथलं. तेव्हा 'वाहनतळ' हा सरकारी शब्द, चुकून का होईना, मुळाला धरून आहे.

हां, 'पार्कात'. दादरकर 'शिवाजी पार्कात राहतो' म्हणतातच. लिहा खुशाल.