पोट्ट्याले कोलंबसात बसवू का? जरा सविस्तरच सांगतो

ताई, तुमचा पाचवीतला पोरगा अमरावती जिल्ह्यातल्या बहिरमच्या जत्रेत कोलंबसात, म्हणजे त्या झुलणाऱ्या मोठ्या बोटीत, बसायचं म्हणून मागं लागलाय, उन्हाळ्यात इमॅजिका पार्कला गेल्यावर त्याला तो फिरत फिरत झुलणारा मोठा पेंडुलम पण पाहिजे, आणि तुम्ही अहमदाबादले झुला तुटला त्याचा व्हिडिओ पाहून बसल्या म्हणून धडकी भरली. बसवा, पण पाहून बसवा. आमचं वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं दुकान आहे, जत्रेच्या सीझनले पाळणेवाले काही ना काही जोडायला घेऊन येतातच, तर मी लोखंडाच्या बाजूनं सांगतो.

वर एका भाऊनं लिहिलं का झुला जितका मोठा तितका धोका जास्त. तसं नाही बाप्पा. पोटात जो गोळा येतो तो झुला किती अंशापर्यंत वर जातो त्यावर असते, दांडा किती लांब त्यावर नाही. साधा हिशोब असा, झुला पार आडवा म्हणजे ९० अंशापर्यंत गेला तर खालून जाताना तुमच्या वजनाच्या ३ पट जोर बसते, ६० पर्यंतच गेला तर २ पट. वरच्या टोकाले उलटं, तिथं सीटचा रेटा कमी होते, ६० ले निम्मा आणि ९० ले तर शून्यच, मग आतडी-बितडी जी एरवी खालून दाबून बसलेली असतात ती क्षणभर मोकळी होतात आणि माणूस 'आई वं' म्हणते. लांबीनं फक्त वेग आणि वेळ वाढते. ६ मीटरचा झुला जाऊन-येऊन ५ सेकंद घेते, २० मीटरवाला ९ च्या वर, म्हणजे गोळा तोच पण मुक्काम लांबते. कॅलिफोर्नियातल्या सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटनमध्ये २०१८ साली क्रेझॅनिटी नावाचा झुला आला तो १७२ फुटापर्यंत वर जाते, तिथं लोक किती वेळ बोंबलत असतील ते तुम्हीच समजा.

कोलंबसात अजून एक गोष्ट आहे, टोकावरचा माणूस मधल्यापेक्षा बराच वर जाते. पोट्टे टोकाले काहून पळतात ते यासाठीच. पहिल्यांदा पोराला मधल्या रांगेत बसवा, तिथं अर्धी पण भीती नाही. बोटीच्या खाली टायर असते, मोटरवर नाहीतर इंजिनवर फिरणारा, बोट वरून गेली का घासून धक्का देते, आपण नागपंचमीच्या झोक्याले वेळेवर देतो तसा, आणि थांबवायलेही तोच. त्याच्यानं मधात लाईन गेली तर घाबरू नका, बोट वर अटकून राहत नाही, झुलत झुलत आपोआप खाली बसते. इमॅजिकावाल्यासारख्या मोठ्या पेंडुलमले मात्र मोटरा वर दांड्याच्या सांध्यापाशी असतात आणि खालची चकती वेगळी फिरते.

आता धोका. अहमदाबादले कांकरियात १४ जुलै २०१९ ले झालं त्यात दांडाच तुटला आणि चकती माणसांसकट खाली आली, २ जण गेले, बाकी कित्येक जखमी. त्याच्या आधी २६ जुलै २०१७ ले अमेरिकेत ओहायोच्या राज्य जत्रेत अशाच झुल्याची एक रांग हवेत असतानाच तुटून पडली, १८ वर्षांचा एक पोरगा गेला, ७ जखमी. तिथली तपासणी त्याच दिवशी झालेली होती! झुला बनवणाऱ्या डच कंपनीनं नंतर सांगितलं का पोकळ बीम आतून गंजून पातळ झाला होता. वरून रंग चकाचक, कोणाले दिसणार? झुल्याच्या लोखंडावर दर दोन-चार सेकंदाले जोर वाढते-कमी होते, दिवसभर, महिनाभर, त्याच्यानं ते थकते, आणि तडा बहुतेक वेल्डिंगच्या कडेपासूनच सुरू होते. म्हणून मी जत्रेत गेलो का माणसं ओरडतात तिकडं पाहत नाही, सांध्याकडं पाहतो. रंगावर वेल्डजवळून तांबडी रेघ ओघळलेली दिसली तर तिथं आत काहीतरी चिरलंय असं धरा आणि पोराला जिलेबी घेऊन द्या.

दुसरं म्हणजे झुल्याचे पाय. आपल्याकडं जत्रा भरते ती कपाशीच्या काळ्या मातीत. अवकाळी पाऊस येऊन गेला का ती माती लोण्यासारखी होते, आणि झुला तर एकदा इकडं एकदा तिकडं ढकलते, पायाखालचे लाकडी ओंडके एका बाजूनं खचतात. पाऊस पडल्यावर दोन-तीन दिवस बसूच नका. सांध्यातल्या पिनांच्या जागी खिळा वाकवून घातलेला दिसला, तार गुंडाळलेली दिसली, तिथूनही निघा.

आणि सगळ्यात जास्त पाहायचं ते मांडीवरचा दांडा. जत्रेतल्या बोटीत पुष्कळदा पूर्ण रांगेले एकच दांडा राहते, शेजारी पोटवाले काका बसले का दांडा त्यांच्या पोटाले टेकून थांबते आणि तुमच्या पोराच्या मांडीवर वीतभर जागा मोकळी. पोरगा वरच्या टोकाले हलका होते तेव्हा त्याच जागेतून सरकते. म्हणून त्याला त्याच्याच मापाच्या पोरांसोबत बसवा, नाहीतर तुम्ही आणि तो दोघंच. झुलेवाला प्रत्येक दांडा हातानं हलवून पाहते का ते एक फेरी उभं राहून बघा, न पाहता बटन दाबत असेल तर तिकीट काढू नका.

इमॅजिकात पाया पक्का, प्रत्येक सीटले वेगळं लॉक, आणि गेटवर उंचीची पट्टी. पोरगा पट्टीत बसला नाही तर तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका, लॉक मोठ्या माणसाच्या खांद्याच्या मापाचं बनवलेलं असते. घरात कोणाले मणक्याचा, बीपीचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर त्यांनी खालून फोटो काढा.

बहिरमचं हंडीचं मटण आणि रोडगे झुल्याच्या नंतर खा, आधी नाही. बोट टायरवाल्या पोट्ट्यालेच धुवा लागते.