पहिल्या सीझनने रडवलं, मग दुसऱ्याचं काय झालं?

प्रश्न : ताई, 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड' या जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) सिरीजचे दोन्ही सीझन पाहिले. पहिला संपला त्या रात्री झोपच लागली नाही, दुसरा संपला तेव्हा मात्र काहीच वाटलं नाही. मैत्रीण म्हणते सिरीजच फालतू आहे. मला ते पटत नाही, पण तिला काय उत्तर देऊ तेही कळत नाही. मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, वाचलेला नाही. नक्की बिघडलं कुठे?

उत्तर : अगं, फालतू अजिबात नाहीये, आणि तुला जे वाटलं ते अगदी बरोबर वाटलंय. 2019 चा पहिला सीझन आणि 2021 चा दुसरा, दोन्ही क्लोव्हरवर्क्स स्टुडिओचेच आणि दिग्दर्शकही तेच, मामोरु कानबे. म्हणजे माणसं बदलली म्हणून बिघडलं असं नाही म्हणता येणार. माझ्या मते बिघडलं ते घाईने.

पहिल्या सीझनने 12 भागांत मांगाचे फक्त 37 चॅप्टर घेतले. राक्षसांच्या जेवणासाठी वाढवलेली अनाथाश्रमातली पोरं, एक घर, एक कुंपण, त्यांना सांभाळणारी एक 'ममा' इझाबेला, बस. पहिल्याच भागात दत्तक जायला निघालेली छोटी कॉनी आपला खेळण्यातला ससा विसरून जाते, तिथलीच मोठी पोरं एमा आणि नॉर्मन तो द्यायला गेटपर्यंत धावतात आणि ट्रकमधे बघतात तर ती मरून पडलेली, छातीत लाल फूल खोचलेलं. त्याआधी अर्धा भाग आपण त्या पोरांचं जेवण, पकडापकडी, हसणं हेच बघत असतो म्हणून ते फूल इतकं लागतं. नंतरही तसंच, रिकामा कॉरिडॉर, लाकडी जमीन, इझाबेला हातातलं घड्याळ उघडून बघते आणि आपल्याच पोटात गोळा येतो. आणि शेवटच्या भागात पोरं हातातून निसटल्यावर ती केस मोकळे सोडते तेव्हा तिच्याबद्दलही वाईट वाटतं, ते तर मी अजून विसरले नाहीये.

दोष त्यातही आहेत हं. इझाबेलाच्या मदतीला आलेल्या क्रोनचं चित्रण मला तेव्हाही खटकलं होतं आणि आजही खटकतं, एका कृष्णवर्णीय बाईचे ओठ, डोळे, हावभाव इतके भडक करायची काहीएक गरज नव्हती. शिवाय मांगात पोरांच्या डोक्यात चालणारे डावपेच पानंच्या पानं येतात, ते इथे बरेचसे गाळलेत. त्याने भीती वाढली पण एमा-नॉर्मनचा मित्र 'रे' नक्की काय विचार करतोय हे कधीकधी हातातून सुटतं.

आता दुसरा. मांगा 181 चॅप्टरचा, म्हणजे उरले 144, आणि भाग किती तर 11! मग व्हायचं तेच झालं. गोल्डी पाँडचा, म्हणजे राक्षसांच्या शिकारीच्या मैदानाचा, अख्खा प्रसंग गेला, त्यासोबत युगो गेला. मांगात बंकरमधे पोरांना हा एकटा, चिडका, आतून मोडलेला माणूस भेटतो, ॲनिमेत बंकर रिकामा. नॉर्मन पाचव्या भागातच परत येतो. पहिल्या सीझनमधे तो गेला तेव्हा आपण किती रडलो, आणि त्याच्याशिवाय एमा कशी जगते हे धड बघायच्या आधीच तो समोर उभा, मग रडण्याला किंमत काय राहिली? शेवट तर स्थिर चित्रांची माळ लावून उरकला, एकेका चित्रात अख्खी गोष्ट होती गं, ती तशीच गेली. मला अजून राग येतो.

पण सुरुवातीचे भाग परत बघ. सोंजू नावाचा पोरांना मदत करणारा राक्षस एमाला शिकार शिकवतो, ती पक्षी मारते आणि त्याच्या अंगात तेच फूल खोचते जे कॉनीच्या छातीत होतं. आपल्या भावंडांना खायला घालायचंय म्हणून. तिचा चेहरा बघ तेव्हा. त्या क्षणी एमाला कळतं की खाणारा नेहमी राक्षसच असतो असं नाही, आणि ते कळायला तिला वेळ दिलाय. पूर्ण सीझन असा सावकाश गेला असता तर मैत्रीण हे बोललीच नसती.

प्रश्न : मग मांगा कुठून सुरू करू? आणि 11 वर्षांची भाची मागे लागलीये, तिला पहिला सीझन दाखवू का?

उत्तर : भाचीला एवढ्यात नको. पोरं अनाथाश्रमातली, गोड, म्हणून लहानांचं वाटतं, पण तो ट्रकचा प्रसंग आणि पुढे कान कापून घेण्याचा प्रसंग तिला जड जाईल. दोन-तीन वर्षं थांब, आणि तेव्हाही शेजारी बसून बघ.

मांगाचं म्हणशील तर गोष्ट पुढे 38 पासून चालू होते, बरेच जण तिथूनच उचलतात. तू मात्र 1 पासून घे. 20 खंड आहेत, आणि 'रे'च्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते पहिल्या पाच खंडांत आहे.