भाव सांगण्याआधी कारागीर खाली वाकला का?

या वेळच्या टपालात घरातल्या जमिनीविषयीची पत्रे बरीच होती. कोणाला फरशी बसवून घ्यायची आहे, कोणाला गालिचा धुवून घ्यायचा आहे, आणि जवळपास प्रत्येकाला एकच अडचण आहे : दारात आलेला माणूस जाणकार आहे की नुसता बोलघेवडा, हे काम सुरू होण्यापूर्वी ओळखायचे कसे? त्यांतली पाच पत्रे थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : तीन खोल्यांत जुन्या फरशीवरच मोठ्या आकाराच्या टाइल बसवायच्या आहेत. पहिल्या कारागिराने फोनवरच दर सांगितला. दुसऱ्याने खोल्या मापल्या आणि एका ओळीत एकूण रक्कम लिहून दिली. तिसऱ्याने दोन तास घालवले, पाणसळ (जमिनीची पातळी पाहण्याची पट्टी) लावून पाहिली, जुनी फरशी ठोकून पाहिली, आणि त्याचा भाव पहिल्याच्या दीडपट निघाला. तिसरा जास्त पैसे काढतो आहे, की बाकीचे दोघे काही लपवत आहेत?

उत्तर : पहिले दोघे लबाड असतीलच असे नाही, पण तिघांनी आपल्याला एकाच कामाचे भाव दिलेले नाहीत. पहिल्याने टाइल चिकटवण्याचा भाव दिला आहे, तिसऱ्याने जमीन तयार करून त्यावर टाइल बसवण्याचा. फरक आहे तो खालच्या थराचा, आणि तो थर पाहिल्याशिवाय भाव सांगणारा कारागीर पुढे ‘हे काम ठरलेल्या पैशांत धरले नव्हते’ असे म्हणणार, हे जवळजवळ ठरलेले असते.

टाइल जितकी मोठी, तितकी खालची जमीन सपाट लागते. लहान टाइल उंचसखल जमिनीशी थोडे जमवून घेते. मोठी टाइल तसे करत नाही, तिची एक कड वर राहते आणि चालताना पायाला लागते. एक बाजू 38 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल, तर 3 मीटर लांबीत 3 मिलिमीटरपेक्षा अधिक चढउतार नसावा, असा या व्यवसायातला दंडक आहे. जुनी जमीन या कसोटीला क्वचितच उतरते. मग पातळी करणारा लेप ओतावा लागतो, त्याला माल लागतो आणि एखादा दिवस जातो. तिसऱ्याचा वाढीव भाव यातून आलेला असण्याचा संभव मोठा आहे. तसे त्याला सरळ विचारावे. खरे असेल तर तो आपल्याला पाणसळीखालची फट दाखवील.

जुनी फरशी त्याने ठोकून पाहिली, हे मला फार आवडले. जी लादी बद्द वाजते ती खालून सुटलेली असते, आणि सुटलेल्या लादीवर उत्तम टाइल बसवली तरी ती सुटलेल्याच पायावर बसते. अशा लाद्या आधी काढून ती जागा भरून घ्यावी लागते. जुन्यावर नवा थर आल्याने जमीन साधारण 10 ते 15 मिलिमीटरने वर येते, हेही लक्षात घ्यावे. दारे खालून कापावी लागतील का, ती कोण कापणार, शेजारच्या खोलीशी होणारी पायरी कशी मिटवणार, न्हाणीघराचा उंबरा पुरेसा उरेल का, ही बोलणी टाइल येण्यापूर्वीच झाली पाहिजेत.

तिघांनाही आता एकच कामाची यादी लिहून द्यावी आणि तिच्यावर नव्याने भाव मागावेत. राडारोडा कोण उचलणार, सामान कोण हलवणार, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी) दरात धरले आहे का, चिकटवण्याचा माल कोणता, सांधा किती रुंद, हे सारे त्यात यावे. सांध्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. ‘आम्ही सांधाच न ठेवता बसवतो, एकसंध दिसते,’ असे कोणी अभिमानाने सांगू लागला, तर त्याला तिथेच थांबवावे. टाइलच्या मापात थोडा फरक असतोच आणि जमीनही उष्णतेने प्रसरण पावते. म्हणून दोन मिलिमीटरच्या आसपास सांधा आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली झाकली जाणारी मोकळी फट ठेवावीच लागते. लांबट टाइल विटांसारख्या रचायच्या असतील, तर जोड निम्म्यावर न ठेवता एक-तृतीयांशावर ठेवायला सांगावे. लांब टाइल मधोमध किंचित फुगीर असते. निम्म्यावर जोड आला, की एकीचा उंच भाग दुसरीच्या खालावलेल्या कडेशेजारी येतो.

काम चालू असताना एकदा तरी नुकतीच बसवलेली टाइल उचलून दाखवायला सांगावे. चार कोपऱ्यांत आणि मध्ये मिश्रणाचे गोळे ठेवून वर टाइल दाबण्याची पद्धत झटपट असते. पण गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते, आणि जड वस्तू पडली की टाइल नेमकी तिथे फुटते. खाचदार थापीने मिश्रण सर्वत्र एका दिशेने ओढलेले असावे. उचललेल्या टाइलची पाठ कोरड्या खोलीत निदान 80 टक्के आणि न्हाणीघरासारख्या ओल्या जागी 95 टक्के माखलेली दिसावी. चांगला कारागीर या मागणीचा राग मानत नाही, कारण तो स्वतःही अधूनमधून तेच करून पाहतो.

जुने काम पाहायला जाताना मागच्या महिन्यातले पाहू नये, दोन-तीन वर्षांपूर्वीचे पाहावे. नवी फरशी सगळ्यांचीच चकाकते. कारागीर जवळपासचा असण्याचा खरा लाभ एवढाच, की त्याने केलेली घरे आपण जाऊन पाहू शकतो आणि तक्रार निघाली तर त्याला परत बोलावू शकतो. जवळ राहतो म्हणून त्याचा हात चांगलाच असेल, असे नाही. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता सांधे भरून झाल्यावर, सगळी जमीन ठोकून पाहिल्यानंतरच द्यावा. टाइल सरळ मांडणीला दहा टक्के आणि तिरक्या मांडणीला पंधरा टक्के जास्त घ्याव्यात, सगळ्या खोक्यांवरचा उत्पादनगटाचा आणि छटेचा क्रमांक एकच आहे ना ते पाहावे, आणि उरलेल्या चार-सहा जपून ठेवाव्यात. पुढे एखादी फुटली तर तीच छटा बाजारात मिळेल, याचा भरवसा नसतो.

प्रश्न : तळमजल्यावर नवा कोबा (काँक्रीटचा थर) घालून तीन आठवडे झाले आहेत. त्यावर लाकडी जमीन बसवणारे म्हणतात, ‘कोबा दगडासारखा घट्ट झाला आहे, उद्या सुरू करू.’ करू द्यावे का?

उत्तर : करू देऊ नये. घट्ट होणे आणि वाळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि या दोहोंची गल्लत मी स्वतः एकदा महागात भोगली आहे. काँक्रीटची ताकद मोजण्याची प्रमाण मुदत 28 दिवसांची असते. ओलावा मात्र त्यानंतरही कित्येक आठवडे, कधी महिने, वर येत राहतो. जाडीच्या दर 2.5 सेंटिमीटरला साधारण एक महिना, असा ठोकळ हिशोब धरतात. हवा दमट असेल तर त्याहूनही अधिक. माझ्या अभ्यासिकेत हा हिशोब कोणी केला नाही. दोन महिन्यांत पट्ट्या मधोमध उचलल्या, पाय ठेवला की त्या खाली दबत आणि सोडला की वर येत. बसवणाऱ्याने दोष लाकडाला दिला.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. साधारण 45 सेंटिमीटर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा जाड तुकडा कोब्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात आणि निदान 16 तास तसाच ठेवावा. आतून पाण्याचे थेंब धरले किंवा खालचा कोबा काळपट दिसला, तर जमीन ओली आहे. मात्र तुकडा कोरडा निघाला म्हणजे सारे ठीक, असे समजू नये, कारण ही चाचणी खोलवरचा ओलावा दाखवत नाही. लाकडाचे काम नेहमी करणाऱ्याकडे ओलावा मोजण्याचे उपकरण असते. कोब्याला भोक पाडून आतली आर्द्रता मोजणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग. आपल्या कारागिराला आकडा विचारावा. आकड्याऐवजी त्याने बुटाची टाच आपटून दाखवली, तर दुसरा शोधावा.

लाकडाची किंवा लॅमिनेटची खोकी त्याच खोलीत निदान 48 तास पडू द्यावीत, म्हणजे माल तिथल्या हवेशी जुळतो. अस्सल लाकडाला याहून बराच अधिक काळ लागू शकतो. भिंतीलगत 8 ते 10 मिलिमीटर जागा मोकळी सोडायला लावावी. ती फट पट्टीखाली झाकली जाते, पण नसली तर फुगलेल्या लाकडाला जायला वाट उरत नाही.

प्रश्न : जुन्या घरातल्या व्हिनाइलच्या चौकोनी टाइल काढून खालचा काळा गोंद यंत्राने घासून काढू, असे कारागीर म्हणतो. धुळीशिवाय आणखी काही त्रास होईल का?

उत्तर : होऊ शकतो, आणि तो गंभीर आहे. साधारण 1980 च्या दशकापर्यंत अनेक देशांत अशा टाइलमध्ये आणि त्यांच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस घालत असत. 9 इंची चौकोनी टाइल असतील तर संशय अधिक घ्यावा. टाइल अखंड पडून असतील तोवर सहसा धोका नसतो. घासणे, फोडणे, खरवडणे सुरू झाले की तंतू हवेत मिसळतात आणि फुप्फुसात जातात. प्रयोगशाळेत नमुना तपासून घेईपर्यंत यंत्राला हात लावू देऊ नये. ॲस्बेस्टॉस निघाले, तर ते काढण्याचे खास प्रशिक्षण घेतलेल्यांनाच बोलवावे, किंवा टाइल धडधाकट असतील तर त्या न काढता वर नवा थर देता येतो का, हे पाहावे. ‘मी वर्षानुवर्षे हेच करतो, मला काही झाले नाही,’ हे उत्तर नव्हे. या तंतूंनी होणारे आजार दिसायला दशके लागतात.

प्रश्न : आजीकडून आलेला लोकरी गालिचा घरी येऊन धुऊन देणारा मिळाला आहे. दर फार कमी आहे आणि तासाभरात काम होईल असे सांगतो. विश्वास ठेवावा का?

उत्तर : गालिच्याची पाठ त्याने पाहिली का? ती न पाहता दर सांगितला असेल, तर तो गालिच्याचा दर नव्हे, त्याच्या यंत्राच्या भाड्याचा आहे.

पाठीवर सारे लिहिलेले असते. समोरची नक्षी मागेही तितकीच स्पष्ट दिसली आणि एकेक गाठ मोजता आली, तर गालिचा हाताने विणलेला आहे, आणि कडेची झालर ही शिवलेली शोभा नसून खालच्या उभ्या ताण्याचीच टोके आहेत. पाठीला कापड चिकटवलेले असेल, तर लव, म्हणजे वरचे उभे धागे, गोंदाने धरून ठेवलेली आहे. ती फार भिजवली की गोंद सुटतो आणि गालिच्याला फुगे येतात. लव व्हिस्कोजची असेल (विक्रेते तिला अनेकदा आर्ट सिल्क किंवा बांबू सिल्क म्हणतात), तर ओली झाल्यावर तिची ताकद जवळजवळ निम्मी होते, आणि चूक झाली की ती पिवळी, कडक होऊन बसते. हा फरक न ओळखणाऱ्याच्या हाती गालिचा देणे म्हणजे औषध न वाचता पाजणे.

लोकर हे प्रथिन आहे. क्लोरीनयुक्त विरंजकात ती अक्षरशः विरघळते आणि तीव्र अल्कलीने तिचा रंग व पोत बिघडतो. म्हणून धुणाऱ्याला विचारावे : साबण कोणता, आणि रंग सुटतो का ते कसे पाहणार? योग्य उत्तर असे, की प्रत्येक रंगावर कोपऱ्यात ओले पांढरे फडके दाबून धरणार आणि फडक्याला रंग लागला तर पद्धत बदलणार. त्याआधी कोरडी धूळ झटकावी लागते, आणि ती पाठीकडूनही, कारण वाळूचे कण गाठींच्या तळाशी जाऊन बसतात आणि प्रत्येक पावलागणिक धाग्याला कापत राहतात. ही धूळ न काढता पाणी घातले तर आत चिखल होतो. तासाभरात हे सारे व्हायचे नाही.

आजीचा गालिचा कारखान्यात नेऊन, सपाट जागेवर दोन्ही बाजूंनी धुऊन, वाऱ्यावर वाळवून आणणारा शोधावा. नेण्याआधी दोन्ही बाजूंची, डागांची आणि फाटलेल्या कडांची छायाचित्रे काढावीत, माप पावतीवर लिहून घ्यावे, आणि वाहतुकीत किंवा धुलाईत नुकसान झाले तर भरपाई कोण, किती देणार, हेही त्याच कागदावर असावे. दर ‘नगाप्रमाणे’ नको, क्षेत्रफळाप्रमाणे हवा. अन्यथा स्वस्त दराने दारात आलेला माणूस डागांचे वेगळे, झालरीचे वेगळे, वासाचे वेगळे असे आकारत दुप्पट रक्कम करतो, आणि तोवर गालिचा ओला होऊन पडलेला असतो, म्हणजे आपल्याला नाही म्हणता येत नाही.

प्रश्न : भिंतीपासून भिंतीपर्यंतचे कार्पेट शाम्पू करून घेतले. महिन्याभरात ते आधीपेक्षा मळकट झाले आणि गेलेला डाग पुन्हा वर आला. फसवणूक झाली का?

उत्तर : फसवणूक नसावी, अर्धवट काम असावे. शाम्पू धाग्यात राहिला की चिकट थर राहतो आणि तो पायांवरची धूळ ओढून घेतो. डाग परत येण्याचे कारण निराळे : सांडलेला पदार्थ तळापर्यंत मुरलेला असतो, वरची लव स्वच्छ होते, आणि वाळताना खालचा ओलावा त्याला धाग्याच्या टोकापर्यंत पुन्हा चढवतो, दिव्याच्या वातीत तेल चढते तसा. त्याच माणसाला बोलावून, साबण न घालता, नुसत्या गरम पाण्याने धुऊन ते पाणी जोरदार शोषून घ्यायला सांगावे. बहुतेक वेळा दोन्ही तक्रारी जातात.

पुढच्या वेळी काम ठरवतानाच विचारावे की शोषणयंत्राच्या किती फेऱ्या कोरड्या मारणार आणि कार्पेट किती तासांत वाळेल. नीट शोषलेले कार्पेट साधारण सहा ते बारा तासांत वाळते. 24 तासांनंतरही तळ ओला लागला, तर पाणी जास्त झाले आहे. खिडक्या उघडून पंखे लावावेत, कारण 24 ते 48 तासांत बुरशी धरू लागते आणि ती कार्पेटखालच्या गादीत शिरली, तर वरून कितीही धुतले तरी वास जात नाही, गादीच बदलावी लागते.