बहीण कारागृहात आहे; तिची मुलं आता संस्थेत जातील का?

प्रश्न: माझी धाकटी बहीण भिशीच्या पैशांच्या फसवणुकीच्या गुन्ह्यात आठ महिन्यांपासून येरवड्याच्या महिला कारागृहात आहे. खटला अजून उभा राहिलेला नाही. नवरा चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला, पत्ता नाही. दहा वर्षांची भाची माझ्याकडे सातारा जिल्ह्यात राहते. भाचा बहिणीजवळ आतच आहे, दोन महिन्यांनी त्याला सहावं वर्ष पूर्ण होईल. मागच्या आठवड्यात बाल संरक्षण कक्षातल्या एक बाई चौकशीला आल्या. "अशा मुलांना संस्थेत टाकतात" असं शेजारी म्हणाले, म्हणून घाबरून मी "भाची इथं राहत नाही" असं सांगून टाकलं. शाळा पुण्याचा दाखला आणि आईची सही मागते आहे. बहिणीला पॅरोल मिळेल का? (नाव, गाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर: ताई, सगळ्यात आधी त्या बाईंना फोन करा आणि खरं सांगा. मुलांच्या जवळची माणसं घाबरून खोटं बोलतात हे त्यांना नवीन नाही. खोटं तसंच राहिलं, तर मात्र त्यांच्या अहवालात 'नातेवाईक सहकार्य करत नाहीत' असं वाक्य येईल आणि ते तुम्हाला महागात पडेल.

त्या आल्या कशासाठी, हे समजून घ्या. आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली ठरवून दिलं, की कैदेतल्या आईजवळ मूल सहा वर्षांपर्यंतच राहू शकतं. त्यानंतर ते आईच्या इच्छेप्रमाणे योग्य माणसाकडे सोपवायचं किंवा संस्थेत ठेवायचं. भाच्याचं वय जवळ आलं, त्यामुळे पुण्याच्या बाल कल्याण समितीनं (मुलांच्या ताब्याचा निर्णय हीच समिती घेते) तुमच्या जिल्ह्याकडून घराची पाहणी मागवली असावी. म्हणजे बाई मूल न्यायला आलेल्या नाहीत. मूल तुमच्याकडे देता येईल का, हे बघायला आल्या होत्या.

2015 चा बाल न्याय कायदा संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. नातेवाइकाचं नीट घर असेल, तर समिती 'योग्य व्यक्ती' म्हणून मुलाचा ताबा तुम्हाला देऊ शकते आणि मूल राहतं त्या जिल्ह्याच्या समितीकडे प्रकरण वर्गही करू शकते. हा निर्णय बहुतांशी सामाजिक तपासणी अहवालावर, म्हणजे बाई घर पाहून जे लिहितात त्यावर, होतो. म्हणून बाई पुन्हा येतील तेव्हा घर सजवू नका. झोपायला जागा कुठे, शाळा किती लांब, तुम्ही कामावर गेल्यावर मुलं कोणापाशी, पैशांची ओढाताण होते का, हे सरळ सांगा. अडचण लपवली तर मदतीची शिफारसही होत नाही. माझ्या अनुभवात वकिलाच्या तासाभराच्या युक्तिवादापेक्षा असा एक प्रामाणिक अहवाल जास्त काम करतो.

आणि बाईंकडून काही गोष्टी हक्कानं मागा. पहिली, बहिणीची लेखी इच्छा. 'दोन्ही मुलं माझ्या मोठ्या बहिणीकडे राहावीत' असा अर्ज तिनं कारागृह अधीक्षकांमार्फत समितीकडे पाठवायचा. आत गेल्यामुळे तिचं आईपण कायद्यानं संपत नाही. तिला न विचारता निर्णय होता कामा नये. शाळेच्या कागदावरची सहीही अधीक्षकांमार्फतच मिळते. मात्र सही नाही किंवा जुना दाखला आला नाही म्हणून शाळा प्रवेश अडवू शकत नाही. दाखल्याबाबत तर शिक्षण हक्क कायद्यात हे स्पष्ट आहे. मुख्याध्यापक अडून बसले तर कक्षाचं पत्र उपयोगी पडतं. पत्रात आईच्या गुन्ह्याचा उल्लेख नको, हे मात्र बजावून सांगा. वर्गात ती गोष्ट पोचायला वेळ लागत नाही.

दुसरी, भेटी. भाचा बाहेर आल्यावर एकदम आई तुटली, असं होऊ देऊ नका. संस्थेत ठेवलेल्या मुलांना आठवड्यातून किमान एकदा आईची भेट मिळावी, असं त्याच निकालात आहे. तुमच्याकडे राहणाऱ्या मुलांसाठी सातारा ते पुणे दर आठवड्याला जमणार नाही, तेव्हा मुलाखतीच्या (कारागृहातल्या भेटीच्या) तारखा, फोन आणि ई-मुलाखत (व्हिडिओवरची भेट) यांचं वेळापत्रक कारागृहाशी बोलून बसवून द्या, असं बाईंना सांगा. मुंबई-पुणे भागात टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प बंद्यांच्या कुटुंबांसोबत बरीच वर्षं काम करतो. त्यांच्याशी जोडून द्यायलाही सांगा.

पैशांसाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे, दरमहा 2,250 रुपये प्रति मूल. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून मिळणाऱ्या मदतीचे, दरमहा 4,000 रुपये आहेत, पण त्याला ग्रामीण भागात वार्षिक 72,000 रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. कोणती लागू होते ते कक्षालाच ठरवू द्या. उत्पन्नाचा दाखला तेवढा आजच काढायला टाका. तहसीलमध्ये वेळ जातो.

पॅरोल शिक्षा झालेल्यांसाठी असतो, तुमच्या बहिणीला तो लागू नाही. तिचा मार्ग जामिनाचा. महिला असल्यानं नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही (जामिनाचे नियम असलेल्या फौजदारी कायद्यात) तिच्या जामिनाचा वेगळा विचार होऊ शकतो, आणि मुलांबाबतचा अहवाल अर्जासोबत जोडता येतो. वकील नसेल तर 15100 या मोफत कायदेशीर मदतीच्या क्रमांकावर फोन करा. महिला आणि कोठडीतली व्यक्ती म्हणून, उत्पन्न न बघता, तिला मोफत वकील मिळतो.

भाचीला 'आई गावाला गेलीय' असं सांगितलं असेल, तर ते आता थांबवा. समिती तिचंही म्हणणं ऐकेल, आणि आई कुठे आहे ते तिला पहिल्यांदा परक्या माणसाच्या तोंडून कळू नये. बाईंनाच शेजारी बसवून सांगा. समुपदेशन हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

नवरा अचानक उगवला आणि बाप म्हणून मुलं मागू लागला, तर परस्पर देऊ नका. त्याला समितीपुढे जायला सांगा. समितीचा आदेश तुमच्याविरुद्ध गेला, तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. मुदत आदेशाच्या तारखेपासून मोजतात, म्हणून सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या.