बडोद्याजवळच्या पोर जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) छोट्या फाउंड्रीवाल्याने स्क्रॅप-कोळशाच्या परदेशी परिषदेला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोरला फाउंड्री आहे, भट्टी ५०० किलोची, महिन्याला दीडशे टन स्टील स्क्रॅप लागतं. धाकट्या भावाच्या नंदेसरीच्या कारखान्यात बॉयलरला इंडोनेशियन कोळसा लागतो. एका दलालाने बँकॉकच्या कोळसा, स्टील आणि रिसायकलिंगच्या परिषदेचं आमंत्रण पाठवलंय. जावं का, आणि गेलं तर पदरात काय पडेल?

पहिल्या वर्षी बँकॉक नको, असं माझं मत आहे. भाव कळावा म्हणून जाणार असाल तर तो बडोद्यात बसून रोज फोनवर कळतो. परिषदेत मिळवायची गोष्ट वेगळी आहे: विकणारा माल कसा मोजतो आणि माल खराब निघाला तर पैसे कसे वळते करतो, हे त्याच्याकडून समोरासमोर वदवून घेणं.

कोळशाचं आधी उरकतो. समुद्रमार्गे येणारा कोळसा जहाजाच्या मापाने विकला जातो. सुप्रामॅक्स जातीचं एक जहाज म्हणजे पन्नास-पंचावन्न हजार टन. कोलट्रान्ससारख्या परिषदांत खाणवाले, वीजकंपन्या आणि मोठे आयातदार बसतात. बॉयलरपुरता कोळसा घेणाऱ्याला तिथे काम नाही. भावाने मगदल्ला किंवा दहेजच्या साठेदाराकडूनच घ्यावा, फक्त एक हिशेब पक्का करावा. साठेदार ‘५५०० चा माल’ (किलोला ५५०० किलोकॅलरी उष्णता) म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा एडीबी, म्हणजे हवेत सुकवलेल्या नमुन्यावरचा आकडा असतो. बॉयलरमध्ये मात्र ओला कोळसा जातो. आयएम (सुकवलेल्या नमुन्यात उरलेला ओलावा) १४ टक्के आणि टीएम (एकूण ओलावा) ३४ टक्के असेल तर ५५०० ला ६६ ने गुणून ८६ ने भागा. येतात साधारण ४२२० जीएआर, म्हणजे माल येतो त्या ओल्या अवस्थेतला आकडा. भाव या आकड्यावर ठरवायचा आणि प्रयोगशाळेत आकडा कमी निघाला तर त्याच प्रमाणात बिल कमी, असं ऑर्डरमध्येच लिहून घ्यायचं. टीएमची जागा कोरी सोडलेली ऑफर घेऊ नये.

स्क्रॅपचं गणित निराळं आहे, कारण ते कंटेनरनेही येतं. एका वीस फुटी कंटेनरमध्ये २२ ते २५ टन बसतं, म्हणजे तुमचे महिन्याला सहा-सात कंटेनर. एवढ्यावर व्यापारी बोलतो. मकरपुरा, पोर, वाघोडिया भागातले तीन-चार फाउंड्रीवाले एकत्र आलात आणि एकानेच जायचं ठरवलंत, तर वीस-पंचवीस कंटेनरचा खरीददार म्हणून बसाल. तिकीट वाटून जाईल आणि शर्तींवर जोरही येईल.

मटेरियल रिसायकलिंग असोसिएशन ऑफ इंडियाची परिषद देशातच होते, २०२५ साली जयपूरला झाली. परदेशी विक्रेते तिथे खास भारतीय खरीददार शोधायला येतात, म्हणून तुम्ही तिथून सुरुवात करा. ब्रसेल्सच्या ब्युरो ऑफ इंटरनॅशनल रिसायकलिंगची (बीआयआर) अधिवेशनं वर्षातून दोन होतात, पण तो मोठ्या व्यापाऱ्यांचा मेळा आहे. मिश्रण, भट्टी, लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) यांबद्दल बोलायचं असेल तर इंडियन फाउंड्री काँग्रेस बरी.

जाण्याआधी प्रतिनिधींची यादी मागून घ्या आणि निदान दोन आठवडे आधी भेटीच्या वेळा ठरवा. तिथे जाऊन कार्ड वाटत फिरणं म्हणजे पैसे वाया घालवणं. सोबत एक पान ठेवा: महिन्याचे टन, कोणता ग्रेड, तुकड्याचं कमाल माप, मँगनीज-क्रोमियम-तांब्याची मर्यादा, बंदर, पैसे देण्याची पद्धत.

तुकड्याच्या मापावर मी जास्त भर देईन, कारण नवखा खरीददार इथेच फसतो. एचएमएस म्हणजे हेवी मेल्टिंग स्क्रॅप, जाड लोखंडी भंगार. एचएमएस ८०:२० म्हणजे ८० टक्के एचएमएस-१ आणि २० टक्के एचएमएस-२. आयएसआरआय या अमेरिकी रिसायकलिंग संघटनेच्या (२०२४ पासून तिचं नाव रीमा) व्याख्येत एचएमएस-१ ची जाडी पाव इंच किंवा जास्त, आणि तुकडा ६० बाय २४ इंचांपर्यंत चालतो. पाच फूट बाय दोन फुटांचा पत्रा तुमच्या भट्टीच्या तोंडात शिरणारच नाही. विक्रेत्याने मात्र व्याख्येप्रमाणेच माल दिलेला असेल, क्लेम लागणार नाही. मग गॅसकटिंगचा खर्च तुमचा. घाईत कामगाराने लांब तुकडा उभा टाकला तर चार्ज (भट्टीत टाकलेला माल) वर अडकतो, खालचा वितळलेला रस तापत राहतो, लायनिंग खातो, आणि भट्टी फुटून रस बाहेर येण्याचा धोका असतो. म्हणून माप स्वतः लिहून द्या, किंवा सरळ श्रेडेड, म्हणजे यंत्राने बारीक तुकडे केलेला माल (त्याच यादीतला ग्रेड २११), मागा.

एचएमएस-२ मध्ये गॅल्वनाइज्ड पत्राही चालतो हे लक्षात ठेवा; जस्ताचा धूर आणि लायनिंगची झीज दोन्ही वाढतात. एसजी आयर्न (गोलाकार ग्राफाइटचं चिवट बीड) काढत असाल तर मँगनीज आणि क्रोमियम आणखी जपावं लागतं. त्यांच्यामुळे कार्बाइड (कडक कण) झाले की कास्टिंग कडक होतं आणि मशीनिंगला टूल तुटतात.

टेबलावर बसलात की भावाआधी हे विचारा. माती-गंजाची सूट किती टक्के आणि त्यावर निघाली तर कापणार कसं? वजन लोडिंगचं धरायचं की माझ्या काट्याचं? क्लेम किती दिवसांत कळवायचा? कंटेनर रिकामा, अर्धा, पूर्ण भरलेला आणि सीलचा नंबर दिसेल असे फोटो देणार का? शिपिंग लाइनचे फ्री दिवस, म्हणजे कंटेनर बिनभाड्याने ठेवता येईल असे, किती? पीएसआयसी (माल चढवण्याआधीच्या तपासणीचं प्रमाणपत्र) डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, यादीतल्या एजन्सीचंच ना? किरणोत्सारी वस्तू निघाली तर माल परत नेण्याचा खर्च कुणाचा? जुना व्यापारी या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतो. जो ‘आधी भाव बोलू’ म्हणतो त्याला मी बाजूला ठेवेन.

मातीचा फरक किती पडतो ते बघा. समजा भाव टनाला ३६० डॉलर आहे. ९५ टक्के उतारा मिळाला तर वितळलेला टन ३७९ ला पडतो. ९१ टक्के मिळाला तर ३९६ ला. टनामागे सतरा डॉलर गेले, आणि टेबलावर तुम्ही दोन डॉलरसाठी घासाघीस करत होता. यावर बंदराचा खर्च, सीएचए (कस्टम्सचं काम करणारा एजंट), मुंद्र्याहून ट्रेलर, आणि १८ टक्के आयजीएसटी. तो क्रेडिटमध्ये परत मिळतो, पण तोवर भांडवल अडकतं. इथल्या भंगारवाल्याशी तुलना करताना हेही धरा की नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या स्क्रॅपवर १० ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी तुम्हीच भरायचा असतो.

भाषणांपैकी भावाचे अंदाज सोडून द्या; मंचावर बसलेल्या बहुतेकांचा माल त्याच बाजारात अडकलेला असतो. जहाजभाड्याचं सत्र ऐका. तुर्कस्तानवरचंही ऐका, कारण जगात सगळ्यात जास्त स्टील स्क्रॅप आयात करणारा देश तोच आहे. तिथल्या मिल्स खरेदीला उतरल्या की आपल्याकडच्या ऑफर चढतात. आणि युरोपातून माल घेणार असाल तर त्यांच्या नव्या कचरा-वाहतूक नियमाचं सत्र चुकवू नका. २१ मे २०२७ पासून ओईसीडीबाहेरच्या (प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या त्या गटाबाहेरच्या) देशांना असा माल पाठवायचा तर त्या देशाचं नाव युरोपीय संघाच्या यादीत असावं लागेल. भारत ओईसीडीत नाही. त्यामुळे लांब मुदतीच्या करारात ‘नियमाने बंदी आली तर आगाऊ रक्कम परत’ हे कलम आत्ताच घाला.

परत आल्यावर त्याच आठवड्यात ठरलेलं सगळं ईमेलवर लिहून पाठवा. पहिला सौदा एक-दोन कंटेनरचाच करा, एलसीवर (बँकेच्या हमीपत्रावर) किंवा कागदपत्रं हातात आल्यावर पैसे देण्याच्या अटीवर. बाजारापेक्षा बराच स्वस्त भाव आणि तीस टक्के आगाऊ मागणारा नवा माणूस भेटला तर थांबा: बीआयआरच्या सदस्ययादीत नाव शोधा, बिल ऑफ लेडिंगवरचा (जहाजात माल चढल्याच्या पावतीवरचा) कंटेनर नंबर शिपिंग लाइनच्या साइटवर घालून बघा. कंटेनर आला की सील तोडण्याआधी फोटो, काट्यावर वजन, आणि खराब वाटला तर अर्ध्यावर उतरवणं थांबवून त्याच दिवशी क्लेम कळवा. ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा ईमेल आला तर परिषदेत घेतलेल्या कार्डावरच्या नंबरवर फोन करून त्याच माणसाकडून खात्री झाल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.